उंबऱ्यावरची ओ

इंग्रजांच्या वकिलातीत त्यांच्या राणीचा वाढदिवस होता. चीनच्या किनाऱ्याजवळच्या कुलांगसू बेटावरची सगळी गोरी मंडळी तिथे जमायची होती, म्हणून पाद्रीणबाईंनी पेरूच्या जेलीची बरणी ग्वेतच्या हाती देऊन तिला आधीच पुढे पिटाळलं. ग्वेत ही बाईंच्या छोट्या ह्यूची आया. पोरगा चार वर्षांचा घोडा झाला तरी तिच्या पाठीवरून उतरायचं नाव घेत नसे, आणि खरं सांगायचं तर तो उतरावा असं तिलाही वाटत नसे. तिचं स्वतःचं मूल अंगावर पितं असतानाच गेलं होतं. लाल फडक्यात ह्यूला पाठीशी बांधून ती दिवसभर घरात वावरायची. त्याला नावाने हाक मारणं तिच्या जिवावर यायचं. तिच्यासाठी तो आपला ‘पिल्लू’.

बरणी पोचवून ती परतली ती गोऱ्यांच्या स्मशानाच्या वाटेने, कारण तिथल्या वडाखाली सावली असते. पाठीवरचा पोरगा तिच्याच भाषेत, तिच्याच हेलात, बोटीवरच्या बदकांचं काहीतरी सांगत होता. इतक्यात बंदरातल्या लढाऊ जहाजाने राणीला सलामी दिली. तोफ धडाडली तसं पोराने तिच्या मानेला गच्च मिठी मारली. पुढची तोफ झाली आणि मिठी सैल पडली. त्याचा एक बूट गळून वाटेवरच्या पायऱ्यांवरून घरंगळत गेला. तिने खूप शोधला, सापडला नाही.

संध्याकाळी पोर तापाने फणफणलं. पाद्रीसाहेब नदीच्या वरच्या अंगाला धर्म सांगायला गेलेले. वकिलातीचा डॉक्टर आला, नाडी बघितली, साथीचा ताप म्हणाला, आणि पोराचा कपडा न् कपडा उकळायला लावून मेजवानीला निघून गेला.

“ताप कसला डोंबलाचा!” स्वयंपाकी होक-सिंग बदकाची पिसं उपटत म्हणाला. “पोर दचकलंय. जीव तिथेच राहिलाय त्याचा. जा, हाक मारून घेऊन ये.”

“काका, बाप्तिस्मा घेतलाय मी. बाई घराबाहेर काढतील.”

“मग देवाला सांग, घटकाभर कानात बोटं घाल म्हणावं.”

पण दोन दिवसांनी बाईच तिच्या खोलीशी आल्या. एरवी असल्या गोष्टींना सैतानाचे खेळ म्हणणारी ती बाई दाराची चौकट धरून उभी होती.

“तुमच्यात काहीतरी करतात ना, ग्वेत... ते कर.”

“त्याच्या अंगातला सदरा द्या बाई. धुतलेला नको, धुतलेल्याला जीव ओळखत नाही. मी तिथून हाक मारत येईन. तुम्ही उंबऱ्यात उभ्या राहा. मी विचारलं, ‘आला का?’ की ‘आला’ म्हणून ओ द्यायची. आईने ओ दिल्याशिवाय त्याला आत येता येत नाही.”

बाईंनी अंगणात पाहिलं. दोरीवर पोराचे सगळे कपडे उकळून वाळत पडले होते. त्या आत गेल्या. कापराच्या लाकडाच्या पेटीचं कुलूप वाजलं. बाहेर आल्या तेव्हा हातात निळ्या गळ्याचा एक सदरा होता.

“हा... हा धुतलेला नाही.”

हा सदरा ग्वेतने पोराच्या अंगात कधी पाहिला नव्हता. पण बुडत्याने काडी कुठल्या झाडाची ते विचारू नये. तिन्हीसांजेला ती वडाखाली गेली. समुद्रावरून धुकं चढत होतं, जमीन पायाखाली आहे की नाही तेही कळत नव्हतं. सदरा हलवत तिने हाक घातली, “ह्यू, घरी चल रे... ह्यू...” हळूहळू सदरा जड झाला. ती मागे न बघता घरी आली.

“ह्यू आला का?”

“आला!” बाई म्हणाल्या. ग्वेतचा प्रश्न पुरता संपलाही नव्हता.

सकाळी ताप उतरला. ग्वेतला रडू आवरेना. ती पलंगाशी पाठ करून बसली. “चल पिल्ला, घोडा आलाय.” पाठीवर कुणी आलं नाही. पोरगा तिच्याकडे पाहुण्याकडे पाहावं तसा पाहत होता. त्याने आईला इंग्रजीत विचारलं, ही बाई कोण? एवढं इंग्रजी ग्वेतला कळत होतं. मग त्याने डाव्या हातात चमचा धरून पेज खाल्ली आणि आपली लाकडी मेंढी मागितली. घरात लाकडी मेंढी नव्हतीच. बाई उठल्या, त्यांनी कापराची पेटी उघडली आणि मेंढी आणून त्याच्या हातात दिली.

होक-सिंगने हे ऐकलं आणि त्याची सुरी थांबली.

“तू यायच्या आधीची गोष्ट, पोरी. एक थोरला होता. डावखुरा. पटकीने गेला. त्या वडाखालीच पुरलाय.”

“नाव काय त्याचं?”

“ह्यूच. गेलेल्याचं नाव पुढच्याला देतात हे लोक. माया म्हणून.”

“मेलेल्याचं नाव जित्या लेकराला?” ग्वेतच्या आता लक्षात आलं. सदरा त्याचा, नाव त्याचं, मग दुसरं कोण येणार होतं? “काका... मग माझं पिल्लू कुठंय?”

होक-सिंगने वडाच्या दिशेने बोट केलं.

लाल फडकं तिच्या खोलीत खुंटीला होतं, डॉक्टरची नजर त्यावर गेलीच नव्हती. तिने ते नाकाला लावलं. पोराच्या केसांचा वास अजून होता. तिन्हीसांजेला ती पुन्हा वडाखाली गेली. ह्यू म्हणायची आता सोय नव्हती. “पिल्ला,” ती म्हणाली, “चल बाळा, उशीर झाला...” धुक्यात कुणीतरी हुंदका दिला, फार वेळ रडून दमलेलं मूल देतं तसा. फडकं ऊबदार झालं.

बाई उंबऱ्यात उभ्या होत्या. कडेवर पोरगा.

“बाई, पिल्लू आलं का?”

बाईंनी कडेवरच्या पोराला छातीशी धरलं.

“ओ द्या ना बाई. तो दारात आलाय.”

“तो आत आला तर... ह्याला जावं लागेल?”

“एका अंगात दोघं कसे राहतील, बाई?”

“ह्याला एकदा पुरलंय गं मी,” बाई कुजबुजल्या. “पुन्हा... पुन्हा नाही जमणार.”

“आणि हा दारातला? हाही तुमच्याच पोटचा ना?”

बाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पोरगा डाव्या हाताने त्या पुसत होता. मग बाईंनी दार अगदी सावकाश, आवाज न करता लोटलं. आतून कडी पडली.

ग्वेत पायरीवर उभीच राहिली. तिला त्या बाईचा राग यायला हवा होता, आला नाही. काही वेळाने मानेशी दोन गार हात आले आणि त्यांनी तिला घट्ट धरलं. तिने मागे पाहिलं नाही. फडकं पाठीवर ओढून तिने पुढे गाठ मारली आणि ती धक्क्याकडे चालू लागली.

नावाडी कंदील लावून बसला होता. तिने पाऊल टाकलं तशी होडी एका अंगाला झुकली.

“हळू गं, हळू,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “छान झोप लागलीय लेकराला. पण त्याच्या एका पायात बूट नाही बघ. गारठेल ना पाय.”