मधल्या वळणावरचा दाब

आपल्या हाताला यश आहे, हे बंकट मिस्त्री स्वतःच सगळ्यांना ऐकवायचा. पण त्या दिवशी दूध सोसायटीच्या जीपखाली पडल्यापडल्या त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. लेक गीता पहिल्या बाळंतपणाला माहेरी, पालीला आलेली. सकाळपासून तिचे पाय सुजलेले, डोळ्यांपुढे अंधारी. डॉक्टरांनी सांगितलं, ताबडतोब अंबाजोगाईला न्या. गावात रिकामी गाडी एकच. दुष्काळाने दूध आटलं, जनावरं छावणीत गेली, आणि सोसायटीची जीप दोन महिने उभीच होती. म्हणजे सटवा गेल्यापासून.

सटवा त्या जीपचा ड्रायव्हर, दम्याचा माणूस. "मिस्त्री, चढाला टर्बोचा दाब वर-खाली व्हतोय. गाडी धापा टाकती," असं सांगत आला होता. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. बंकटने सकाळच्या गार इंजिनावर दाबाचं मीटर लावलं, काटा स्थिर दिसला, आणि तो चारचौघांत हसून म्हणाला, "गाडीला काय न्हाई बे. तुझ्याच छातीत बिघाड हाय." पुढच्या आठवड्यात दम्याचा झटका आला तेव्हा सटवा एकटाच जीप घेऊन नेकनूरच्या दवाखान्याकडे निघाला. जीप घाटाच्या मधल्या वळणावर सापडली. सटवा स्टिअरिंगवर पडलेला होता.

आज बंकटने मीटर जोडून आधी इंजिन चांगलं तापवलं. मग डब्यात निखारे, त्यावर ऊद, आणि पंपाने तो धूर हवेच्या पाइपात. धूर निघेल तिथे गळती, ही त्याची जुनी रीत.

"माणूस गेलेल्या गाडीत ऊद जाळू नका," दारातून बायको, केसरबाई म्हणाली. "बोलावल्यावानी व्हतं."

"गप बस. येळ न्हाई."

धूर निघाला. क्लॅम्पखाली रबरी पाइपला केसाएवढी चीर होती; पाइप गार असला की मिटायची, तापला की उघडायची. सटवा खरं बोलत होता. त्याने पाइप बदलला. मीटर काढायलाही तो थांबला नाही, नळी खिडकीतून आत घेऊन ते समोरच ठेवलं.

भर दुपारी निघाले. मागे गीता, आईच्या मांडीवर डोकं ठेवून. धरण कोरडंठाक पडलं होतं, रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. घाट लागला तसा काटा वर चढला आणि स्थिरावला. बंकटने सुस्कारा सोडला.

मधल्या वळणाच्या अलीकडे काटा पडला. चढला. पुन्हा पडला. बंकटचा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच दाबलेला होता, पण काटा घाईघाईने, अर्धवट, धाप लागलेल्या माणसाच्या छातीसारखा वर-खाली होत होता. उदाचा वास दाटला. जीप रांगायला लागली.

"आई... मला दिसंना..."

"अवं, थांबू नका," केसरबाई कुजबुजली. "हितं थांबू नका..."

बंकटचा सगळा तोरा उतरला.

"सटवा... खोट गाडीतच व्हती. मी नीट बघितलं न्हाई. वर तुला हसलो... माझ्या लेकीला जाऊ दे बाबा. माघारी मी एकटा येतो. मग काय करायचं ते कर..."

काटा थबकला. मग एकदम वर जाऊन तिथेच राहिला. जीप घाट चढून गेली.

चारच्या सुमारास गीताची सुटका झाली. मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या, आणि बंकट व्हरांड्यात लहान पोरासारखा रडला.

"सकाळच्या पारी जावा की," केसरबाई म्हणाली.

त्याने जीपची किल्ली उचलली. शब्द दिला होता. मोडला तर सटवा लेकीच्या उशाशी येईल, ही त्याला धास्ती होती.

घाटमाथ्यावर पोचला तेव्हा दिवस मावळत होता. उताराला ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की टर्बोचा दाब शून्यावर येतो, हे कुणीही मिस्त्री सांगेल. बंकटने पाय काढला. काटा शून्यावर आला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं.

मधलं वळण दिसलं आणि काटा हलला. बंकटने ब्रेक दाबून धरला. तरी काटा सावकाश वर चढत गेला आणि जीपने वेग घेतला. काट्याला आता जराही थरथर नव्हती.