हमालदादाची गोल काच

धाकट्या, दिवा जरा जवळ ओढ. हं, असा. आणि तोंड वाकडं करू नकोस, लाइट काही मी घालवली नाही. इतक्या लांबून आलास, जेवलास, आता बस घटकाभर. बाबा गेले त्या आठवड्यातलं तुला एक सांगायचं राहिलंय. वीस वर्षं राहिलंय.

समोरच्या चर्चमधली मोठी खिडकी आठवते ना? संत ख्रिस्तोफरची. आडदांड गडी, लोकांना खांद्यावर बसवून नदीपार नेणारा. एकदा त्याने एक लहान पोर उचललं, आणि मध्यावर ते इतकं जड झालं की याचे गुडघे वाकले. ते पोर म्हणजे साक्षात ख्रिस्त, अख्ख्या जगाचं ओझं घेऊन बसलेला. बाबांनी तरुणपणी ती खिडकी रंगवली. पण आपल्या घरात त्याला संत म्हटलं कुणी? तो आपला हमालदादा. सकाळी ज्याने हमालदादाचं तोंड पाहिलं त्याला त्या दिवशी मरण नाही, असं जुने लोक मानायचे, आणि बाबा तर अगदी छातीठोकपणे सांगायचे.

शेवटच्या वर्षी मी त्यांना रोज चाकाच्या खुर्चीतून तिकडे न्यायची. डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते. बाबा म्हणायचे, "धाकटा येऊ दे, मग बघू." तुमचा अबोला नऊ वर्षांचा. दोघेही एकाच माळेचे मणी, कोण आधी वाकणार! शेवटी तू शनिवारी येतो म्हणून कळवलंस.

आणि नेमकं बुधवारी खिडकीचं शिसं फुगलेलं दिसलं. काचेचे तुकडे धरून ठेवतात ना, त्या पट्ट्या. वारा सुटला असता तर सगळं खाली आलं असतं. बाबांचं काचकाम तेव्हा मीच बघायची, म्हणजे उतरवणं माझंच काम. बाबा म्हणाले, "उतरव. पण तोंड घरी आण."

तोंड म्हणजे थाळीएवढी गोल काच, चेहरा आणि भोवतीचं तेज एकाच तुकड्यात. गुरुवारी संध्याकाळी मी ती याच खोलीच्या खिडकीत, त्यांच्या खाटेसमोर, पुट्टी लावून बसवली. दिवसभर शिडीवर उभी होते रे, कंबरेचा काटा ढिला झाला होता. गोल काच कशीही बसते, तिथेच घोळ झाला.

"अगं बये," बाबा म्हणाले, "रंगाची बाजू बाहेर गेली की. उलटी बसवलीस."

बघते तर खरंच. हमालदादाची मान फिरली होती. खाटेकडे बघायला हवा होता, तो आता दाराकडे बघत होता.

"वाईट दिसतंय का?"

"वाईट नाही... निघाल्यासारखा दिसतोय."

"उद्या करते नीट. झोपा आता!" अशी खेकसले मी त्यांच्यावर. अजून मनाला लागतं ते.

शुक्रवारी उजाडता उजाडता वासाने जाग आली. चिखलाचा, शेवाळाचा गार वास. नदी इथून किती लांब, तुला माहीत आहे. उठले, तर फरशीवर ओली पावलं. अनवाणी, माझ्या दोन पावलांएवढं एकेक. खिडकीखालून निघालेली, खाटेपाशी थांबलेली... तिथून जिन्याने खाली उतरलेली. आणि तशीच परत वर आलेली.

बाबा जागे होते. दोन वर्षं जमिनीला पाय न लावलेला माणूस, आणि पायजमा गुडघ्यापर्यंत चिंब.

"बाबा! पाणी कुणी सांडलं?"

"ओरडू नकोस... मध्यापर्यंत गेलो होतो. म्हटलं, दादा, माझा धाकटा यायचाय. तर बिचारा परत फिरला. धापा टाकत होता गं. म्हणाला, एवढा वाळका म्हातारा, इतका जड कसा?"

"मग... तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, नऊ वर्षं पोराशी बोललो नाही. त्याचं वजन आहे."

मी फडकं आणलं. फरशी पुसली, पायजमा बदलला. काचेला हात लावायचा मात्र धीर झाला नाही.

शनिवारी तू आलास. तुम्ही दोघं रडलात ते मला दाराआडून सगळं ऐकू येत होतं. स्वयंपाकघरात होते म्हणून सांगितलं तुला, खोटं सांगितलं. रविवारी सकाळी बाबा गेलेले होते. तू विचारलंस, चादर ओली कशी? मी म्हटलं, अंग पुसलं. मग तू त्यांना उचललंस आणि म्हणालास, "ताई, अगं, किती हलके झालेत!" आठवतं? मी तोंडात पदर कोंबावा तसा हात कोंबला होता.

पुढे खिडकी परत चढवली. रंगाची बाजू नखाला खरखरीत लागते. तीनदा नख फिरवून, खात्री करूनच बसवली मी. तरी तेव्हापासून तो खांद्यावरच्या पोराकडे बघत नाही. आपल्या घराकडे बघतो.

मी रोज जायचे त्याला बघायला. पण या गुडघ्यांनी दावा मांडलाय, महिना झाला चर्चची पायरी चढले नाही. आणि मंगळवारी सकाळी उठले, तर गाऊन गुडघ्यापर्यंत ओला.

काय सांगितलं असेल मी त्याला? तेच. धाकटा यायचाय, थांब. म्हणून तर तुला फोन करून बोलावलं. हे सगळं तुझ्यापासून लपवलं, तेवढंच माझं वजन होतं बघ.

अरे वेड्या, रडतोस काय? माझा लाडका ना तू? नाक पूस. दिवा तूच घेऊन जा, मला लागायचा नाही. आणि उतरताना कठडा धरून उतर. मघाशी आलास तेव्हा कोरडा होता, पण आता... जिना ओला असेल.