वळणापुढे आवाज जात नाही

तुमचा विश्वास बसावा म्हणून मी हे लिहीत नाहीये. उलट कुणी मला ‘असं काही नसतं गं’ म्हणून पटवून दिलं, तर मी त्याचे पाय धरीन.

पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत. आणि शेवटी मी स्वतः तिथे होते.

अशा गोष्टी म्हणे मध्यरात्रीच घडतात. ही भर दुपारी घडली. लख्ख उन्हात, मोठ्या रस्त्याच्या एका वळणावर. एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला मोकळं रान. घाबरावं असं तिथे काहीही नव्हतं.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. वहिनी माझ्याकडे बघून त्याला चिडवायची, “तुझा भाऊ दिवसभर वर जातो, खाली येतो, पोचत मात्र कुठेच नाही!” म्हणून दोघांनी ठरवलं, मोटरसायकलवरून समुद्रापर्यंत जायचं. चांगला चार-पाच दिवसांचा रस्ता.

दादाने दोन हेल्मेटं आणली. दोन्हींत बोलायचं यंत्र बसवून घेतलं. पुढचा बोलला की मागच्याच्या थेट कानात. हेल्मेटं एकमेकांना जोडली गेली की आत ‘टिंग-टिंग’ वाजायचं. हौस एवढी, की घरातही दोघं ती घालून बोलायची. हा स्वयंपाकघरात, ती गच्चीवर. आई वैतागायची, “अरे, तोंडं दिलीत ना देवाने?”

निघायच्या आठवडाभर आधी वहिनी गेली.

डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली, ती उठलीच नाही.

दादा रडला नाही. डोळ्यांतून टिपूस नाही. कामावर जायचा, यायचा, ताटात पडेल ते खायचा. भाजीत मीठ नसलं तरी हूं नाही की चूं नाही. आई एकदा म्हणाली, “याच्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं. निदान आवाज परत तरी येतो.”

असे कितीतरी महिने गेले. मग एका रविवारी सकाळी त्याने बॅग काढली.

“समुद्रापर्यंत जाऊन येतो.”

“एकटा?” मी विचारलं.

“हो.”

आईला हायसं वाटलं. कुठे जावंसं तरी वाटतंय पोराला. तिने डबा भरून दिला. मी फाटक उघडलं. दादाने बॅग मागच्या सीटवर बांधली... मग थांबला. ती सोडली आणि पेट्रोलच्या टाकीवर बांधली.

मागची सीट मोकळी ठेवली.

त्याने हेल्मेट चढवलं, सवयीने कानाजवळचं बटण दाबलं आणि गेला. त्याच्या गाडीचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. मग तोही गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात होते. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. काच घासत होते, तेवढ्यात त्याचा फोन आला.

“चिमे, टिंग-टिंग वाजलं.”

“काय वाजलं?”

“हेल्मेटमध्ये. इथे एक वळण आहे. तिथे वाजलं.”

वहिनीचं हेल्मेट घरी कपाटावर होतं. ती गेल्यापासून त्याला कुणी हातही लावला नव्हता. आणि ते यंत्र असून असून चालतं किती? घरापासून कोपऱ्यापर्यंत. दादा दीड दिवसाच्या रस्त्यावर होता.

“दुसऱ्या कुणाचं तरी लागलं असेल, दादा.”

“असेल,” तो म्हणाला. आवाजात भीती नाही, आनंद नाही. ‘तिसऱ्या मजल्याचं दार अडकतंय’ असं सांगावं, तसा. “टाकीच्या पुढे गेलो की तुटतं. मागे आलो की परत लागतं. चार वेळा बघितलं.”

“आणि... ऐकू काय येतं?”

“श्वास.”

फोन ठेवून मी समोरच्या गिऱ्हाइकाला चुकीचा चष्मा दिला.

दादा पुढे गेलाच नाही. त्याच वळणाजवळच्या लॉजमध्ये राहिला. फोन केला की “हो”, “नाही”, “जेवलो”. आठवडा सरत आला तेव्हा लॉजवाल्याचाच फोन आला. आमचा नंबर दादाने रजिस्टरमध्ये लिहिला होता.

“ताई, माणूस सज्जन आहे, तक्रार काही नाही. पण सकाळपासून अंधार पडेपर्यंत टाकीपाशी हेल्मेट घालून उभा असतो. पाणीसुद्धा पीत नाही. घेऊन जा त्यांना.”

मी बस पकडली. येताना त्याच्या मागे बसून यावं लागणार, म्हणून कपाटावरचं हेल्मेट घेतलं. वहिनीचं. दुसरं होतं कुठे? निघताना बटण दाबून बघितलं. दिवाही लागला नाही. बॅटरी केव्हाच मेली होती.

बसने मला टाकीपाशीच उतरवलं.

दादा गाडीला टेकून बसला होता. त्याचं हेल्मेट बाजूला, दगडावर. मला बघून उठला.

“आलीस? चल, जाऊ.”

एवढंच. मी रस्ताभर समजूत घालायची वाक्यं जुळवत आले होते. एकाचीही गरज पडली नाही.

“दादा, तू... येतोयस?”

“हो. आता काही ऐकू येत नाही मला. कालपासून.”

चेहरा पुसलेल्या पाटीसारखा. तो वाकून बॅग बांधायला लागला. मला वाटलं, सुटलो एकदाचे. मी वहिनीचं हेल्मेट घातलं. पट्टा लावला.

टिंग-टिंग.

...

मी बटणाला हातही लावला नव्हता.

आधी वारा ऐकू आला. भरधाव गाडीवर असतो तसा. आमची गाडी तर बंद उभी होती. झाडाचं पान हलत नव्हतं.

मग हसणं.

वहिनीचं.

“अरे हळू, हळू! पडेन ना मी!”

आणि मग दुसरा आवाज...

“घट्ट धर की मग! हात काय उसने आणलेत?”

तो दादाचा आवाज होता. दादाचा. महिनोन्‌महिने ऐकला नव्हता असा, खळखळून हसणारा.

दादा माझ्यासमोर उभा होता. बॅगेची गाठ मारत होता. ओठ मिटलेले.

मी किंचाळले नाही. का, ते सांगता येत नाही. दादाने दगडावरचं हेल्मेट उचलून चढवलं. दादा म्हणाला, “बस.” मी बसले. त्याने गाडी घराच्या दिशेने वळवली.

कानात दोघं बोलत होती. समुद्र किती लांब, पुढे चहाला थांबायचं का, असंच काहीबाही. आम्ही पुढे जात होतो, तसा आवाज खरखरत होता, तुटत होता.

मग कानातला दादा बोलायचा थांबला.

“चिमे?” तो म्हणाला.

...

“चिमे, कुठे चाललीस? मी इथे आहे गं.”

मी समोरच्या दादाच्या खांद्यावर जोरात हात मारला. “थांब! दादा, थांब!”

त्याने गाडी बाजूला घेतली. काच वर केली.

“काय झालं?”

“तू... काही बोललास आत्ता?”

“नाही.”

“तुला खरंच काही ऐकू येत नाही?”

त्याने जरा वेळ माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, प्रेमाने नाही. रस्त्यावरच्या पाटीकडे बघतात तसं.

“नाही. चल. आई वाट बघत असेल.”

माझ्या कानात फक्त खरखर उरली होती. “परत फिर,” म्हणावं असं ओठांवर आलं होतं. पण परत जाऊन करू काय? कुणाला आणू? माझा भाऊ तर माझ्यासमोर बसला होता. त्याच्या पाठीला हात लावला तर ऊब होती.

गाडी निघाली. एक उतार लागला आणि खरखरही थांबली.

घरी आल्यावर मी ते हेल्मेट चढवून बघितलं. खूपदा. काही नाही. दादा कामावर जातो. जेवतो. झोपतो. शेजारपाजारचे म्हणतात, सावरला हो बिचारा.

मी कुणालाच काही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी मी दुकानातून घरी आले. दादा टेबलाशी बसून जेवत होता. आई मात्र खिडकीत उभी होती. गज धरून, कोपऱ्याकडे बघत.

“कुणाची वाट बघतेस?” मी विचारलं.

“दादा यायचाय अजून.”



“आई... तो काय, आत जेवतोय.”

आईने वळून टेबलाकडे बघितलं. पुरतं बघितलं. मग माझ्याकडे. आणि अगदी हळू म्हणाली,

“हो गं. दिसतंय मला.”

आणि परत खिडकीकडे वळली.

दादाने मान वर केली नाही. ताटावर चमचा वाजत राहिला.

मी पायातल्या चपलाही न काढता आईशेजारी जाऊन उभी राहिले.