७,२०,७२० बिया आणि सतरावं घर

मंगळावरच्या वसाहतीत घरं सतरा झाली आणि आधीच्या सोळा घरांना अचानक गणित आवडू लागलं.

सतरावं घर शर्वाणी खांबेटेचं. आई आणि धाकट्या भावाबरोबर ती कालच्याच यानाने उतरली होती. आज मेथीच्या बियांचं वाटप होतं आणि मापारी नावाच्या यंत्रमानवाने त्यांचा डबा रिकामाच परत केला.

"७,२०,७२० ला सतराने भाग जात नाही," तो म्हणाला. "बाकी उरता कामा नये, असा नियम आहे. म्हणून वाटे सोळाच."

पुढचं यान दोन वर्षांनी. तोवर हिरवं पान बघायचं ते शेजाऱ्यांच्या खिडकीत. शर्वाणीचं डोकं तापलं.

"ही संख्या काढली कुणी?"

"मी," बियांचे शास्त्रज्ञ तात्या बर्वे जरा ऐटीतच म्हणाले. "किती घरं होतील ते ठाऊक नव्हतं. म्हणून एकपासून सोळापर्यंत प्रत्येकाने भाग जाईल अशी सगळ्यात लहान संख्या शोधली. सोळासाठी दोन चारदा घेतला, नवासाठी तीन दोनदा, मग पाच, सात, अकरा, तेरा. सगळ्यांचा गुणाकार केला. बारा वेगळा घ्यावाच लागला नाही. दोन, दोन आणि तीन आत होतेच."

"आणि सतरा?"

"सतरा मूळ संख्या (एक आणि ती स्वतः, एवढ्यांनीच भाग जाणारी). ती गुणाकारात घातलीच नाही, तर सापडेल कुठून?"

शर्वाणीने बोटांवर काहीतरी जुळवलं. "अठरा म्हणजे दोन, तीन, तीन. हे तिन्ही तुमच्याकडे आहेत. म्हणजे आणखी एक घर आलं असतं, तर आम्हाला मिळालं असतं?"

"शाब्बास, पोरी," तात्या म्हणाले, आणि मग आपण काय कबूल केलं ते त्यांच्या ध्यानात आलं.

"मापारी, सतरा वाटे केले तर उरतात किती?" शर्वाणीने विचारलं.

"पाच."

"पाच बियांपायी आम्हाला काहीच नाही?"

"तसं नव्हे गं बाळ," पहिल्या घरातल्या जोगळेकरकाकू साखर घोळून म्हणाल्या. "आमचं काय जातंय? पण नियम म्हणजे नियम."

"मापारी, काकूंचं काय जातंय?"

"दोन हजार सहाशे पन्नास बिया."

काकू खिडकीबाहेर मंगळ पाहू लागल्या. इतकी वर्षं राहून तो त्यांना आजच दिसला असावा.

तात्यांनी सतरा वाटे करायला सांगितलं. कुरकुर झाली, पण तोंडातल्या तोंडात.

"पुढच्या खेपेला सतराने गुणून मागवतो," ते म्हणाले. "१,२२,५२,२४०. अठरा घरांपर्यंत चिंता नाही. गेला ना राग?"

"नाही. एकोणीसही मूळ संख्याच. त्या घरातली मुलगी येऊन हेच भांडणार. मूळ संख्या कधी संपतात का?"

"नाही संपत," तात्या हळूच म्हणाले आणि त्यांनी मापारीच्या पडद्यावरचा नियम पुसला. "तूच सांग, काय लिहू?"

"आधी दाराशी किती जण उभे आहेत ते मोजा," शर्वाणी म्हणाली. "भागाकार त्यानंतर."