बुडालेलं बदक

"मने, पळ! तुझी राणी बुडतेय!"

"बदक कधी बुडतं का रे, गोरख्या!" मनकर्णा खिदळली. पण हौदात डोकावली आणि तिने दोन्ही हात पाण्यात घातले. राणीची पिसं चिंब होऊन अंगाला चिकटली होती. बाहेर काढेपर्यंत सगळं संपलं होतं!

सुट्टीत श्रीरामपूरजवळच्या मामांच्या मळ्यावर आलं, की मनकर्णा आधी राणीकडे धावायची. वर्षभर राणीला सांभाळायची शेजारच्या वस्तीवरची रतनमावशी, आपल्या बदकांबरोबर. तीच आता धापा टाकत आली, तशी मनकर्णा सगळ्यांदेखत ओरडली, "तुम्हीच काहीतरी खायला घातलंत! तुमची बरी जिवंत आहेत?"

"आगं पोरी, माजी तर पाटाच्या पान्यात हुती..."

आबासाहेबमामांनी पुढचं ऐकलंच नाही. "रतनबाई, उद्यापासून बदकं हौदावर आणायची नाहीत!"

दोन दिवस मनकर्णा फुरंगटून बसली. मग मामांचा गोरक्ष म्हणाला, "हौदावर ते लांब तंगड्यांचे किडे पळायचे ना? एकही दिसत नाही!"

खरंच की! मनकर्णाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिने मामींची सुई पळवली, कोरडी केली आणि विहिरीच्या पाण्याच्या वाटीत अलगद आडवी ठेवली. सुई तरंगली! मग वाटीत हौदाचं पाणी घेतलं, ते बोटांना बुळबुळीत लागलं, आणि त्यात सुई ठेवली. गेली तळाला!

"जादू?" गोरक्षचे डोळे विस्फारले.

"जादू कसली! पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट ओढून धरतात, फुगडीत हात धरतो ना, तसे. म्हणून पाण्यावर ताणलेली कातडीच असते जणू. किडे तिच्यावरच पळतात. साबण मध्ये घुसला, की पकड सैल! मग पाणी बदकाच्या पिसांतही शिरतं. आतली हवा गेली, की बदक बुडणारच!"

"पण हौदात साबण टाकला कोणी?"

सकाळी दोघं कडब्याच्या गंजीआड दबा धरून बसले. मामा शीळ घालत आले, नवाकोरा ट्रॅक्टर घेऊन! बैल धुवायची जागा तीच, म्हणून ट्रॅक्टरची आंघोळही तिथेच. शहरातून आणलेली धुण्याची पावडर, फेसच फेस, आणि फेसाळ फडकी खुशाल हौदात बुचकळताहेत!

"मामा, पैज!" मनकर्णा पुढे झाली. "ही सुई हौदाच्या पाण्यावर तरंगवा!"

"हॅत्! लोखंड कुठं तरंगतं?"

"विहिरीच्या पाण्यावर तरंगतं!" तिने वाटीत करून दाखवलं. मामांनी वाटीत हौदाचं पाणी घेऊन चारदा सुई सोडली, चारदा ती बुडाली. मग मनकर्णाने सगळं सांगितलं. मामांच्या हातातलं फडकं गळून पडलं.

"चुकलंच माझं," ते पुटपुटले. आवाज ऐकून आलेल्या मामींनी तिला जवळ ओढलं. "केवढी हुशार गं माझी पोर!"

पण मनकर्णाचं लक्ष होतं कुठे! ती रतनमावशीच्या वस्तीकडे सुसाट निघाली होती. रेणूंची सगळी गोष्ट जिभेवर तयार होती.

खुराडं रिकामं होतं.

"मावशी, बदकं?"

"कालच्या बाजारात इकली. पाटाचं पानी बंद झालं, हौद तुमी बंद केला. कुटं पवायची बिचारी?"

मनकर्णाला रेणूंतलं काहीच आठवेना. "मावशी, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. राणी साबणाने मेली."

"व्हय का?" रतनमावशी उठली. तिने रिकाम्या खुराड्याचं दार लोटलं आणि कडी घातली. "सवय हाय गं हाताला," ती म्हणाली. "चा घेतीस?"