धवलारणीचं हत्यार

"तू हात लावू नको त्याला."

देवेश हे बायकोला चारचौघांत बोलला, तेही धाकट्या बहिणीच्या, प्राचीच्या हळदीच्या मांडवात. आणि लॅपटॉपची वायर सरळ करायला पुढे झालेला विनिताचा हात तसाच मागे आला... बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. हार्ड डिस्कला आंघोळ घालणारी सून ती हीच! कर्जतच्या क्लासमध्ये पोरांना कॉम्प्युटर शिकवते म्हणे!

विनिताने मान खाली घातली. खांडेनवमीपासून ती मान तिने वर केलीच कुठे होती?

तिची सासू धोंडूबाई म्हणजे पळसदरीची धवलारीण, लग्नात धवल्यांची गाणी म्हणणारी. तिने धवले गायल्याशिवाय गावात कुणाला हळद लागत नसे. घशाचं ऑपरेशन ठरलं, आवाज राहणार नाही असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा देवेशने आईला समोर बसवून एकेक धवला त्या डिस्कमध्ये भरून ठेवला. एकुलत्या लेकीची हळद तरी आपल्या आवाजात व्हावी, एवढीच त्या माऊलीची इच्छा होती.

आवाज गेला... मग हत्यारं पुजायची खांडेनवमी आली. विनिता अंगणात आली तेव्हा धोंडूबाईने कोयता, विळा आणि ती डिस्क एकाच घमेल्यात धुऊन पाटावर मांडली होती, तिन्हींना हळदकुंकू लावलं होतं आणि भक्तिभावाने हात जोडले होते. विनिता पुढे धावली. ती काही बोलायच्या आत देवेशने आईचा धवला लावायचा म्हणून डिस्क उचलून लॅपटॉपला जोडली आणि ओली डिस्क तिथल्या तिथे जळाली.

"कुनी भिजवली ही?"

धोंडूबाईने ओले हात पदराआड घेतले. आपल्याच हातांनी आपला उरलासुरला आवाज बुडवल्याचं दुःख ही मुकी बाई कुणापुढे रडणार होती?

"मी," विनिता म्हणाली. "मीच धुतली."

"शिकलेली ना गं तू?" एवढंच देवेश म्हणाला, आणि त्यानंतर तिच्याशी धड बोललाच नाही. सासू तर तिच्या नजरेला नजरही देत नव्हती. जेवताना न विचारता तिच्या ताटात आणखी एक भाकरी तेवढी टाकायची.

मुंबईच्या एका माणसाने जळका भाग बदलून बरंचसं परत मिळवलं होतं. काही धवले मध्येच तुटतील, असं मात्र त्याने बजावलं होतं. आता मांडवात देवेशने पहिला धवला लावला. स्पीकरवर आधी धोंडूबाईचं खाकरणं आलं, मग तिचं बोलणं.

"देवेश, माजा गळा यात बसला, म्हंजी हे माजं हत्यारच झालं रं. खांडेनवमीला कोयत्यासंगं याला पन आंघोळ घालीन."

पाठोपाठ देवेशचं हसणं. "घाल की आई. फूल पन वाहा."

देवेशचा चेहराच उतरला. म्हणजे डिस्क आईनेच धुतली होती; तिने सांगितलं होतं, आणि आपणच हो म्हटलं होतं...

"तू का नाय बोललीस गं?" त्याने विनिताला विचारलं.

"आईंकडं दुसरं काय उरलं होतं? वर हा दोषही त्यांच्याच माथी?" विनिता खाली बघतच म्हणाली.

तेवढ्यात धवला सुरू झाला, तोच भरदार आवाज! प्राचीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. चार ओळी झाल्या आणि आवाज खटकन तुटला. प्राचीच्या गालाजवळ आलेले हळदीचे हात तसेच थांबले.

धोंडूबाई उठली. तिने विनिताचं मनगट धरून तिला आपल्या, धवलारणीच्या पाटावर बसवलं, तिच्यासमोर फतकल घालून बसली आणि पुढची ओळ नुसत्या ओठांनी म्हणू लागली. दोघींच्याही गालांवरून पाणी ओघळत होतं.

विनिता गायला लागली. गळा कापरा होता, सूर चुकत होता. देवेश मांडवाच्या खांबाला धरून उभा होता, आणि आता सगळ्या बायका त्याच्याकडे बघत होत्या.

विनिताला ते दिसलंही नाही. सासूचे ओठ वाचायला तिला मान वर करावीच लागली होती.