घडीचा मायनस

एम-थ्रीच्या नोट्सची शेवटची प्रत रतनकाकांच्या काउंटरवर होती, आणि तिच्यावर एकाच क्षणी दोन हात पडले.

एक मुक्ताईचा. बसमधून उतरून पावसात धावत आल्यामुळे ओला, बोटांच्या टोकांना थंडगार. दुसरा कुणाचा ते बघायला तिने मान वर केली… आणि क्षणभर प्रत सोडायची की धरायची तेच विसरली.

"मी आधी धरली," मग तिने घाईघाईने सांगितलं.

"मी आधी पाहिली होती."

"पाहून काय होतं? पाहायला तर अख्खं कॉलेज पाहतंय."

झेरॉक्सच्या मशीनमागून रतनकाकांचा आवाज आला. "भांडण बाहेर जाऊन करा. आत जागा कमी आहे. आणि मशीन बंद पडलंय, दुसरी प्रत उद्या. विचारू नका."

मुलाने हात काढला. "घे तू. मी फोनवर फोटो काढतो. बावीस पानं आहेत. तेवढा वेळ पानं धरून उभी राहशील?"

ती उभी राहिली. बाहेर सप्टेंबरची रेंगाळलेली रिमझिम, आत शाईचा उबट वास. ती एकेक पान सपाट धरायची, तो वाकून फोटो काढायचा, आणि दर पानाला त्याचे केस तिच्या मनगटाच्या अगदी जवळ यायचे. दहाव्या पानापर्यंत ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. अकराव्यापासून दुसरं काही लक्षात येईना.

"तू आपल्याच वर्गातली ना? ती डिप्लोमावाली?"

"नाव हाय मला." रागाच्या भरात हाय तोंडून गेलंच. तिने ओठ आवळले. "आहे. मुक्ताई बोडके."

"मुक्ताई? आजीचं नाव चुकून तुला ठेवलं का?"

"चुकून नाही. आजीनं हक्कानं ठेवलं. तुझं काय?"

"आमोद."

"म्हणजे?"

"आनंद. सुगंधसुद्धा."

तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दोन्ही दिसत नाही."

"सुगंध दिसत नसतो," तो शांतपणे म्हणाला आणि बाविसाव्या पानाचा फोटो काढला.

*

एम-थ्री म्हणजे गणिताचा तिसरा पेपर. भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी आणणारा. शिकवणाऱ्या मॅडम जुलैमध्येच नोकरी सोडून गेल्या आणि त्यांच्या जागी सुदर्शन सरांना उभं केलं. सर माणूस म्हणून साधे, पण वर्गाकडे पाठ करून फळ्याशी बोलायचे. चार ओळी लिहायच्या, मधल्या तीन गाळायच्या, खाली उत्तर लिहून दोन रेघा मारायच्या आणि म्हणायचं, "उघड आहे." कुणी हात वर केलाच, तर "बाळ, हे मागच्या वर्षी झालंय."

मुक्ताईला मागचं वर्षच नव्हतं. डिप्लोमा करून ती थेट दुसऱ्या वर्षाला आली होती. बाकीच्यांचे एम-वन, एम-टू झालेले. हिचं गणित वर्कशॉपमधल्या मापांपर्यंत. बाकीच्यांनी सरांवर आपापले उपाय शोधले. कुणी पेठेतला क्लास लावला, कुणी रात्रंदिवस व्हिडिओ बघे, आणि सगळ्यांनी मिळून रतनकाकांकडच्या नोट्स पाठ करायला घेतल्या. कुणा हुशार सीनियरने लिहिलेल्या त्या नोट्स वर्षानुवर्षं झेरॉक्स होत आल्या होत्या. मुक्ताईने क्लास लावायचा, तर हिंजवडीला घरी परत कधी पोचायचं? संध्याकाळी कंपन्या सुटल्या की तिकडची बस मुंगीच्या पावलाने जाते.

त्या गर्दीतली एक कंपनीची बस तिचे बाबा चालवायचे. हातातलं स्टिअरिंग सोडून ते कुणाला काही मागायला कधी गेले नव्हते. शेजाऱ्यापाजाऱ्यांना मात्र सांगत सुटायचे, "माझी पोर गणितात पक्की हाय. फसायची नाय." आणि कॉलेजचा नियम असा, की चाचणीत तीसपैकी बारा नाही पडले, की पालकांना विभागप्रमुखांच्या खोलीत बोलवायचं. मागच्या महिन्यात एका मुलीचे वडील तिथे उभे राहिलेले मुक्ताईने पाहिले होते. पाऊण तास. हातात टोपी. कुणी बसा म्हटलं नाही.

बाबा त्या खोलीत उभे राहायचे नाहीत. एवढंच तिने ठरवलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत आमोद तिच्यासमोर येऊन बसला. विचारलंही नाही.

"तुला मागचं वर्ष हवंय," तो म्हणाला. "माझ्याकडे ते पडून आहे."

"उपकार नकोत मला."

"उपकार कोण करतंय? बदल्यात मला पण काहीतरी शिकव."

"तुला? सत्तावीसच्या खाली न येणाऱ्याला?"

"म्हणजे माझे मार्क माहीत आहेत तुला…" त्याने भुवया उंचावल्या. मुक्ताईने पुस्तकात नको तेवढं डोकं घातलं.

पण शिकवलं तिने, खरंच. वर्कशॉपमध्ये कुठलाही भाग घडवला की तो जागेवर बसवून बघायचा. बसला तर बरोबर, नाही तर पुन्हा कानस घ्यायची. गणिताचं उत्तर आलं, की तेही ती तसंच मूळ गणितात घालून बघायची. आमोदला हे नवीनच होतं. तो उत्तर आलं की पान उलटायचा.

"तू प्रत्येक वेळी बसवून बघतेस?"

"मग? विश्वासावर सोडू? माझ्या बाबांच्या बसमध्ये चाळीस माणसं असतात. ब्रेक लागत असेल, असं धरून चालत नाहीत ते."

तो हसला नाही. तिच्याकडे बघत राहिला… जरा जास्तच वेळ. प्रेमलाबाई, लायब्ररी सांभाळणाऱ्या, टेबलावरूनच म्हणाल्या, "डोळ्यांनी वाचायचं ते पुस्तक खाली आहे."

चाचणीच्या तीन दिवस आधी चौदाव्या पानावरचं गणित बसेना. मुक्ताईने तीनदा करून बघितलं. नोट्समध्ये उत्तराआधी वजाचं चिन्ह होतं. तिचं उत्तर तेच, पण वजा नाही.

"तुझाच मायनस कुठेतरी राहिला," आमोद म्हणाला.

"नाही राहिला. हे बघ, गणितातच दिलंय, सुरुवातीला किंमत दोन पाहिजे. माझं उत्तर घाल, दोन येतात. नोट्समधलं घाल, वजा दोन. बसत नाही."

"पण सरांनी फळ्यावर मायनसच लिहिला होता."

"फळ्यावर लिहिलं म्हणून बसेल का?"

तिने पान उजेडात धरलं. मग तेरावं, मग पंधरावं. प्रत्येक पानावर बरोबर मधोमध, त्याच उंचीवर, एक बारीक काळी रेघ होती. कुठे अक्षरात लपलेली, कुठे मोकळ्या जागेत. मुक्ताईने चौदावं पान आडवं, मधोमध दुमडलं. घडी अचूक त्या मायनसमधून गेली.

"मायनस नाही हाय हा," ती हळूच म्हणाली. "घडी हाय. कुणीतरी नोट्स दुमडून खिशात घातल्या, त्याची घडी. झेरॉक्सची झेरॉक्स होता होता तिचा मायनस झाला."

आमोदने तिच्या हातातून पान घेतलं, उलगडलं, पुन्हा दुमडलं. "मुक्ताई," तो म्हणाला, "तू भारी आहेस." आणि हे वाक्य त्याला वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्याने निघालं, कारण प्रेमलाबाईंनी या वेळी नुसताच सुस्कारा सोडला.

*

चाचणीत तेच गणित आलं. सहा मार्कांना.

आठवड्याने यादी लागली. आमोद सत्तावीस. मुक्ताई आठ. तिने पेपर बघितला. इतर प्रश्नांत कुठे एक, कुठे दोन, आणि त्या गणितावर लाल शाईचा भोपळा. मायनस नाही म्हणून. आमोदच्या पेपरावर त्याच जागी सहा होते. पूर्ण सहा.

तिने त्याला जिन्यातच गाठलं. "तू मायनस लिहिलास?"

त्याने पेपर दप्तरात सारला.

"तुला माहीत होतं की."

"होतं. पण तपासणार सर. त्यांच्याकडे जे उत्तर, ते बरोबर. परीक्षा आहे मुक्ताई, सत्याग्रह नाही."

"मग लायब्ररीत मला भारी म्हणालास, ते काय होतं?"

"ते… खरं होतं."

"आणि पेपरात?"

मुक्ताईने दप्तर खांद्यावर घेतलं. डोळ्यांत पाणी येत होतं, पण ते तिने या मुलासमोर येऊ दिलं नाही. "माझ्या बाबांना आता त्या खोलीत उभं राहावं लागेल," ती म्हणाली. "बरोबर लिहिलं म्हणून."

आणि ती गेली. पायऱ्या मोजून उतरावं तशी, ताठ.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी, घडी घातलेलं चौदावं पान घेऊन ती सुदर्शन सरांच्या केबिनशी पोचली. दार अर्धवट उघडं होतं. आत कुणीतरी बोलत होतं.

"सर, माझे सहा मार्क काढून घ्या."

आमोद.

"मुलं मार्क वाढवायला येतात," सरांचा चकित आवाज. "तू पहिलाच."

"उत्तर चुकलंय सर. बरोबर काय ते मला माहीत होतं. मी मुद्दाम चूक लिहिलं."

"का बरं?"

"कारण तुम्ही फळ्यावरच्या उत्तरावरून तपासता. आणि… माझ्यात हिंमत नव्हती. मुक्ताई बोडकेत होती. तिला भोपळा मिळाला."

मुक्ताईने दारावर टकटक केली. "सर, येऊ?"

आमोदचे कान लाल झाले. तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. सरांसमोर पान ठेवलं, दुमडलं, बोटाने घडी दाखवली. सुरुवातीची किंमत घालून दाखवली. सरांनी खण उघडला आणि आपल्या नोट्स बाहेर काढल्या. पहिल्या पानावर रतनकाकांच्या दुकानाचा निळा शिक्का होता.

"मी पूल शिकवतो गं," सर म्हणाले. चष्मा काढून ते पुसत राहिले. "सिव्हिलचा माणूस मी. जुलैमध्ये विचारलं, एम-थ्री घ्याल का? नाही म्हणायला जमलं नाही. वाटलं, मुलांकडे आहे तेच आपणही वापरावं… हे उद्या वर्गात सांगायला हवं." ते थांबले. "मी सांगू? की तू सांगशील?"

"मी सांगते, सर."

*

शनिवारचं पहिलं लेक्चर. साठ जणांचा वर्ग, आणि फळ्यासमोर ती. सर शेवटच्या बाकावर जाऊन बसले, वही उघडून.

तिने गणित लिहिलं. एकही ओळ न गाळता. सर जे उघड म्हणून सोडायचे, ते सगळं. वर्गाकडे तोंड करून, हातातलं पान वर धरून ती म्हणाली, "हा मायनस नाही हाय. ही घडी हाय."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. "हाय, हॅलो!" दोघंतिघं आणखी हसले.

मुक्ताईची मान खाली गेली नाही. शाळेपासून ती हा हाय दातांमागे धरून बोलत आली होती. आज तिला त्याची लाज वाटेना. "हाय तर हाय," ती म्हणाली. "आता यात किंमत घालून बघा. बसतंय का सांगा."

दुसऱ्या रांगेत आमोद हसला नाही, आणि हसणाऱ्यांना त्याने गप्पही केलं नाही. त्याने फक्त पेनचं टोपण काढलं आणि तो लिहायला लागला. त्याच्या शेजारचाही लागला. मग त्यामागची रांग. काही वेळाने वर्गात नुसता पेनांचा आवाज होता. आणि शेवटच्या बाकावरून सुदर्शन सरांनी हात वर केला. "मुक्ताई, चौथी ओळ पुन्हा एकदा सांगशील?"

तिने सांगितली. बाबा आत्ता या क्षणी इथे हवे होते, असं तिला वाटलं… त्या खोलीत नाही, इथे. दारात उभे, छाती फुगवून.

दुपारी सुधारलेली यादी लागली. बाकी वर्गाचे मार्क सरांनी तसेच ठेवले. चूक माझी, म्हणाले. बदल दोनच. मुक्ताई बोडके, चौदा. आमोद, एकवीस.

तो यादीचा फोटो काढत होता.

"मार्क कमी झाल्याचा फोटो?" ती मागून म्हणाली.

"माझे बघतंय कोण? वरचं नाव बघ."

दोघं गेटबाहेर आले. रिमझिम होती, छत्री कुणाकडेच नव्हती. स्टॉपपाशी आमोद थांबला, आणि एरवी कुणालाही एका वाक्यात गार करणारा तो मुलगा चक्क अडखळला.

"मुक्ताई, मला… म्हणजे, तू मला… आवडतेस. खूप."

तिच्या गालांवर पाणी होतं, ते पावसाचं. पण ऊब कुठून आली ते तिला कळलं.

"आज उत्तर देणार नाही," ती म्हणाली.

"का?"

"आज हो म्हटलं, तर तू सहा मार्क देऊन हो मिळवलंस असं होईल. ते मला नको. तुलाही नको." तिने ओली बट कानामागे सारली. "सोमवारी विचार. काहीही न देता, नुसतं विचार."

तो हसला, पण डोळ्यांत धाकधूक होती. बस आली. ती पायरीवर चढली. कंडक्टरने घंटी ओढली तसा तो बसबरोबर दोन पावलं चालला.

"आणि सोमवारी नाही म्हणालीस तर?"

मुक्ताई दांडीला धरून बाहेर वाकली. पावसात, भर रस्त्यात, अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नाहीच म्हणायचं असतं तर आजच म्हटलं असतं ना, येड्या!"